फुलावर आलेला ताग

माणदेशातल्या तरसदरा या गावी निवांत महाराज आले, तेव्हा त्यांचे पाय चालून चालून थकले होते. गावाच्या खालच्या अंगाला मारुतीचे लहानसे देऊळ आहे. त्याच्या ओसरीवर त्यांनी घोंगडी टाकली आणि पुजारी आबा गुरवाला म्हणाले, "आता इथंच. पुढं चालवत नाही." महाराजांचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. भेटेल त्याला ते "निवांत आहेस ना, बाबा?" एवढेच विचारीत. त्यावरून लोक त्यांना निवांत महाराज म्हणू लागले. देह थकला होता, पण रोज सकाळी पाच घरी भिक्षा मागण्याचा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

त्या गावात चिमाक्का नावाची एक विधवा राहत होती. लेकी सासरी गेल्या होत्या. ओढ्याच्या अलीकडे तिची तीन बिघे मुरमाड जमीन आणि दावणीला पाखऱ्या नावाचा एकच बैल. नांगरटीला जोडी हवी म्हणून शेजारच्या संतू माळ्याशी तिची सावड होती. त्याचा एक बैल आणि हिचा एक बैल मिळून दोघांची शेते नांगरली जात. तीस वर्षे त्या जमिनीत जोंधळ्यावर जोंधळा घेतला. आधी पीक डोक्याएवढे यायचे, मग कमरेएवढे, आणि गेल्या साली गुडघ्याच्या वर चढले नाही.

वैशाखातल्या एका दुपारी ती देवळात आली. पदरात शेतातले एक ढेकूळ होते. ते महाराजांपुढे ठेवून ती म्हणाली, "म्हाराज, ही माझी जमीन. देवाला वाहिली. माझ्यानं आता होत न्हाई."

महाराजांनी ते ढेकूळ तळव्यावर घेऊन चुरगळले. नुसती धूळ झाली आणि वाऱ्याने गेली.

"चिमे," महाराज म्हणाले, "हिच्यात ओलावा धरून ठेवायलाही काही उरलं नाही गं. तीस वर्षं तू हिच्याकडं मागितलंस, हिनं दिलं. आता ही दमली आणि तूही दमलीस. देवाला वाहायची तर दमलेली कशाला वाहतेस? एक पावसाळा हिला विसावा दे. ताग पेर. फुलावर आला की उभाच्या उभा नांगरून मातीत गाड. वरच्या अंगाला दोन पट्टे हुलगा टाक, तेवढा तुझ्या पोटाला."

"आणि बाकी काय खाऊ, म्हाराज?"

"मला पाच घरची भिक्षा मिळते. त्यातली अर्धी तुझी."

चिमाक्काने रिकामा पदर झटकला. हो म्हणायचे बळ नव्हते आणि नाही म्हणायचेही नव्हते. पण तागाचे बी आणायचे कुठून? दुसऱ्या दिवशी महाराज काठी टेकत निघाले आणि आठ दिवस आसपासच्या वाड्यांतून फिरले. लोक दोरांपुरता ताग बांधावर लावतच. महाराज दारात उभे राहून म्हणत, "माय, आज भाकरी नको. मूठभर तागाचं बी घाल." आठव्या दिवशी संध्याकाळी पोतेभर बी घेऊन ते परतले. पायांच्या टाचा फुटल्या होत्या. ओसरीवर येऊन जे आडवे झाले, ते दोन दिवस उठले नाहीत.

मृगात पेरणी झाली. ताग दाट उगवला आणि बघता बघता माणसाच्या छातीला लागला. महिन्याभराने महाराजांनी एक रोप उपटून चिमाक्काला दाखवले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. "हे बघ," ते म्हणाले, "बाकीची पिकं मातीतून घेतात. तागासारखी शेंगेची पिकं या गाठींतून मातीला परत देतात."

आता ओढ्यापलीकडे केशवराव चौगुले यांची चाळीस बिघे काळी जमीन होती. दावणीला आठ बैल, आणि शेतीतले आपल्याला कळते तेवढे पंचक्रोशीत कोणाला कळत नाही असा अभिमान. बाई उभे पीक गाडणार हे कानावर येताच ते बांधावर येऊन उभे राहिले.

"चिमाक्का, असल्या तागाचे गावाला पुरतील एवढे दोर होतील. दोर देऊन घरोघर जोंधळा मागून घे, वर्ष निघंल. आणि तू गाडणार? अगं, मूठमाती माणसाला देतात, पिकाला न्हाई."

"म्हाराजांनी सांगितलंय, भाऊ."

"त्यांचं काय जातंय? मागून खाणाऱ्याला शेतीतलं काय कळतंय?" ते संतू माळ्याच्या घराकडे वळले आणि त्याला बजावले, "या पापाला जो बैल देईल, त्याला माझ्या विहिरीचं पाणी बंद."

संतूचे सारे शेत त्या विहिरीवर होते. तो चिमाक्काच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आक्के, मला तोंड दावायला जागा न्हाई. पण माझी लेकरं हाईत." चिमाक्काने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही.

श्रावणात ताग फुलावर आला. सारे शेत पिवळे झाले. गाडायची ती हीच वेळ होती. आणखी आठ-दहा दिवस गेले तर काड्या निबर होऊन कुजणार नाहीत, आणि पाऊस ओढ देऊ लागला होता, माती घट्ट होत चालली होती. बैल एकच. शेवटी चिमाक्काने विळा घेतला. ताग कापायचा, कुदळीने चर खणायचा, त्यात दाबायचा आणि माती ओढायची. महाराज रोज यायचे, तिच्या शेजारी कापायचे. चार दिवसांत शेताचा एक कोपरा झाला. तिच्या तळहातांचे फोड फुटून विळ्याची मूठ ओली होत होती. पलीकडून चौगुल्यांचे गडी हसत होते.

पाचव्या दिवशी महाराज आले नाहीत. आबा गुरव भाकरी घेऊन आला आणि म्हणाला, "म्हाराज तापानं फणफणल्यात. उठवत न्हाई." चिमाक्का घासभर खाऊन पुन्हा उठू लागली, पण तिलाही उठवेना. ती बांधावरच्या बाभळीला टेकली. समोर तेवढाच्या तेवढा पिवळा ताग वाऱ्यावर हलत होता. तिला रडूही आले नाही. "म्हाराज," ती म्हणाली, "माझं संपलं. आता तुमचं तुम्ही बघा." आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

माती फुटल्याचा आवाज झाला तशी ती जागी झाली. पाखऱ्या नांगराला जुंपलेला होता. जुवाच्या दुसऱ्या बाजूला एक पांढरा बैल होता. भाविकहो, देवाने पाठवलेला बैल म्हटला की धष्टपुष्ट, झळझळीत असेल असे आपल्याला वाटते. हा तसा नव्हता. म्हातारा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला, खूर झिजलेले, तोंडाला फेस. पण त्याने मान खाली घातली होती आणि तो ओढत होता. नांगरामागे कोणी नव्हते.

चिमाक्का उठली आणि तिने नांगराची मूठ धरली. कोणाचा बैल, कोणी जुंपला, हे तिने विचारले नाही. विचारायचेही त्राण नव्हते. पिवळी फुले नांगराच्या तासात आडवी होत होती, वर ओली माती पडत होती. तो बैल दर तासाच्या टोकाला थांबून धापा टाकी आणि आपणच वळे. दोन दिवसांचे काम सूर्य मावळायच्या आत झाले. मग ती धावत ओढ्यावर गेली आणि त्याच्यासाठी पाण्याची घागर भरून आणली. येऊन पाहते तो जुवाला एकटा पाखऱ्या. दुसऱ्याच्या खुरांचे ठसे शेताच्या मधोमध संपले होते.

चौगुल्यांनी हे सारे पलीकडून पाहिले होते. बैल कोणी दिला, या एकाच रागाने ते संतूच्या गोठ्यात गेले. संतूचा बैल सकाळपासून दावणीला होता. गावातले सगळे गोठे फिरून झाले, पांढरा म्हातारा बैल कोणाकडेच नव्हता. हे त्या साधूचेच काम, असे म्हणत ते देवळात आले.

ओसरीवर महाराज पालथे पडले होते. आबा गुरव त्यांच्या मानेला हळद-तेल लावत होता. मानेवरची कातडी आडवी सोलवटून निघाली होती आणि मधून रक्त झिरपत होते. जन्मभर नांगराला बैल जुंपणाऱ्या माणसाला ती खूण कशाची हे सांगावे लागत नाही.

"हे कधी झालं?" चौगुल्यांनी विचारले.

"कळंना," आबा म्हणाला. "सकाळधरनं तापानं इथंच पडल्यात. चिमाक्काला भाकरी देऊन आलो, तवाधरनं मी उशाशीच हाय. दुपारी कूस बदलली तर मान ही अशी."

महाराजांनी डोळे उघडले. "केशवराव," ते म्हणाले, "आज फार दमलो बाबा. मग बोलू."

चौगुले आल्या पावली घरी गेले. पण अभिमान असा एका दिवसात जात नाही. पाहिले ते खरे नव्हे, उन्हाने डोळ्यांना भास झाला, असे ते स्वतःला सांगत राहिले. मात्र संतूचे पाणी त्यांनी तोडले नाही.

महिनाभरात ताग मातीत कुजला. चिमाक्काने जोंधळा पेरला. त्या साली परतीचा पाऊस एकदाच आला. चौगुल्यांच्या काळ्या रानातले पीक कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीत असतानाच पिवळे पडले. तीही जमीन दमलीच होती, पण काळ्या रंगाखाली ते कोणाला दिसले नव्हते. चिमाक्काचा जोंधळा मात्र हिरवागार उभा राहिला आणि हाताच्या पंजाएवढी कणसे धरली.

एके सकाळी ती राखणीला गेली तर शेतात चौगुले उकिडवे बसलेले. कोपरापर्यंत हात मातीत होता. मूठ वर काढून त्यांनी उघडली. माती ओलसर होती, भुसभुशीत होती, तिच्यात गांडूळ वळवळत होते.

"मुरमाड होती गं ही," ते म्हणाले.

"व्हय भाऊ."

ते तसेच उठून देवळात गेले. "महाराज, माझं चुकलं. माझ्या रानाचं काय करू?"

"मला काय विचारतोस? मी मागून खाणारा," महाराज म्हणाले. त्या बोलण्यात टोचणी नव्हती, नुसता थकवा होता. "चिमेला विचार. उपाशीपोटी तिनं केलं ते."

पुढच्या पावसाळ्यात चौगुल्यांनी दहा बिघ्यांत ताग पेरला. श्रावणात तो फुलला. आठही बैल जुंपून चार नांगर बांधावर उभे राहिले, गडी हुकमाची वाट पाहू लागले, आणि चौगुले तागाकडेच बघत राहिले. दहा बिघे पिवळे सोने वाऱ्यावर डुलत होते. ते मातीत घालायचे? ज्याची कोठारे भरलेली त्याचा हात उठेना. आणि घरात दाणा नसताना, सारे गाव हसत असताना, या बाईने ते केले होते.

त्यांनी चिमाक्काला बोलावणे धाडले. ती आली तसे ते म्हणाले, "आक्का, माझा जीव होत न्हाई. पहिलं तास तू घाल."

चिमाक्काने नांगराची मूठ धरली, बैलांना हाक दिली आणि नांगर फुलांत घातला. बांधापासून बांधापर्यंत एक काळे, ओले तास पडले. परत वळून ती आली तेव्हा केशवराव चौगुल्यांनी डोक्याचे पागोटे काढले, त्या तासात गुडघे टेकले आणि तिच्या मातीने भरलेल्या पायांवर कपाळ ठेवले.

"भाऊ, उठा," ती म्हणाली. "ओल हाय तवर उरकू या."