बियाला ठेवलेले मुळे

एका बाजारपेठेच्या गावाबाहेर एकदा एक वृद्ध माळी राहत असे. त्या गावी दर पौषात भाजीपाल्याचे प्रदर्शन भरे आणि त्यात सर्वांत मोठा मान लांब मुळ्यांना असे. मुळ्यासारख्या गरीब भाजीचा कसला आलाय मान, असे कोणी म्हणेल. पण जिथे माणसे आपली मेहनत मोजून घ्यायला जमतात, तिथे मान कशालाही येतो. एकसारखे तीन मुळे मांडायचे, शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचे, आणि पहिल्या तिघांची नावे वडिलांच्या नावासह मंडपात पुकारायची, अशी तिथली रीत होती.

त्या वृद्धाकडे एक तरुण शिकायला आला. त्याच्याजवळ चिंधीत बांधलेले मूठभर बी होते.

"तात्या, हे माझ्या वडिलांचं बियाणं," तो म्हणाला. "त्यांच्या काळी याचे मुळे दोन हात लांब व्हायचे. ते गेले, आणि मुळा वर्षागणिक आखडत चाललाय. मी जमीन खोल खणतो, माती चाळून घेतो, कच्चं खत घालत नाही. तरी यंदा जेमतेम वीतभर भरला. एवढंच बी उरलंय. वडिलांचं नाव एकदा तरी पुन्हा मंडपात ऐकायचंय मला."

वृद्धाने उपदेश केला नाही. आपल्या वाफ्याशेजारचा एक वाफा त्याला दिला. पहारीने जमिनीत खोल भोके पाडायची, त्यांत वाळू मिसळलेली बारीक माती भरायची आणि वर बी टोकायचे, ही आपली पद्धत त्याला दाखवली. शिष्याने सारे मन लावून केले. पाणी देताना तो रोपांशी बोले, असे शेजारचे लोक हसत सांगत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दोघांनी वाफे पाण्याने भिजवून मुळे अलगद उपसले. शिष्याचे बहुतेक आखूडच निघाले, काहींना फाटे फुटलेले. तीन मात्र सरळ, शुभ्र आणि थेट दोन हात लांब होते. त्यांच्याकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वृद्धाने आपल्या वाफ्यातले सर्वांत लांब तीन मुळे निवडले, फळीवर ठेवले आणि विळ्याने कापून टाकले. पानांखालचा टीचभर भाग राखला आणि बाकी सगळी लांबी भाजीच्या टोपलीत टाकली. प्रदर्शनासाठी त्याने त्यांच्याहून आखूड तीन बाजूला काढले.

"तात्या, हे काय केलंत?" शिष्य कळवळून म्हणाला. "पहिला मान यांनाच होता."

"होता. पण हे पानांचे तुकडे मी पुन्हा मातीत लावणार, बियासाठी. तू घरी बी कशाचं धरायचास?"

"मांडून उरतील त्यांचं. चांगले मंडपात न्यायचे, बाकीचे बियाला सोडायचे. वडीलही तसंच करायचे."

वृद्धाने विळा खाली ठेवला. "मग माती चाळून काय होणार होतं? दरवर्षी लांब मुळे तुम्ही मंडपाला दिलेत आणि आखूड तेवढे जमिनीला. तिनं तुमचंच तुम्हाला परत केलं. तुझ्या वडिलांना हौस होती, हौस काही पाप नव्हे. पण चार लोकांपुढे उत्तम मांडायचं आणि पुढच्यांसाठी उरलंसुरलं ठेवायचं, असं चाललं की घराणं आखडत जातं."

"प्रदर्शन झाल्यावर हेच लावले तर?"

"तिथं पाला छाटतात, घासून धुतात, तीन दिवस टेबलावर सुकवतात. तो मुळा पुन्हा फुलत नाही."

शिष्याने आपले तीन मुळे जवळ ओढले. मग म्हणाला, "माझ्याकडे हे तीनच आहेत. आज वडिलांचं नाव पुकारलं गेलं असतं."

"गेलं असतं. मुळे तुझे आहेत, तूच ठरव," एवढे बोलून वृद्ध आपले मुळे घेऊन प्रदर्शनाकडे निघून गेला.

शिष्य एकटा उरला. वडिलांचे इतक्या वर्षांचे कौतुक आठवून त्याला रडू आले, आणि ज्या हौशीने ते मिळाले तिनेच बियाणे संपत आणले, हे उमजून आणखी आले. अखेर त्याने विळा उचलला. त्या दिवशी मंडपात दुसऱ्याच कोणाचे नाव पुकारले गेले, तेव्हा तो वाफ्यात ते तीन तुकडे एकमेकांशेजारी लावत होता.

फाल्गुनात त्यांना पांढरी फुले आली, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरल्या. भाजीसाठी कोणी चार डिंगऱ्या मागितल्या तरी त्याने दिल्या नाहीत. त्या झाडावरच वाळल्या आणि पुन्हा चिंधीभर बी झाले.

पुढच्या पौषात त्याच्या वाफ्यात कितीतरी मुळे दोन हात भरले. त्यांतले सर्वांत लांब त्याने कोणी न सांगता आधी बियाला लावले आणि त्यांच्या खालोखालचे तीन प्रदर्शनात नेले. त्याला तिसरा क्रमांक मिळाला. पुकारणाऱ्याने त्याचे नाव घेतले, मागोमाग वडिलांचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि बक्षीस हातात पडताच वाफ्याला पाणी द्यायला घरी गेला.

आपणही दिवसभराचा गोडवा आणि उत्साह बाहेरच्या मंडपांत मांडून संध्याकाळी घरी येतो. मुलांच्या वाट्याला मग काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे.