निळ्याआबांचं तारुण्य

सूर्यसुद्धा नव्हता तेव्हा एका गोल पुंजक्यात लाखभर तारे एकदमच जन्मले. थोराड होते ते भराभर जळून मेले. उरलेले मंद, तांबूस पडले. एकटा निळा मात्र लखलखीत. म्हणून सगळे त्याला मानानं आबा म्हणत.

"संयम पाळा, कार्ट्यांनो," आबा रोज सुनवायचे, "म्हणजे माझ्यासारखे राहाल."

बारक्या तांबूला राहवेना. "आबा, आपण सगळे एकाच वयाचे, मग तुम्हीच कसे तरुण? आणि तुमच्या शेजारची पिवळी कुठंय?"

"गेली बिचारी. माझ्या मांडीवरच."

तेवढ्यात आबांच्या पोटातून पिवळीचा बारीक आवाज आला, "तांबू, पळ!"

पण ताऱ्याला पळता कुठं येतं? तांबू हळूहळू आबांकडे ओढला जाऊ लागला.

बाकीचे कौतुकानं म्हणाले, "बघा, आबांची किती माया पोरावर!"