चंद्रीचं मरण

“पण चुकलं काय, ते तरी सांगा ना ताई.”

काचेपलीकडून कुमुदताईंनी नुसता हात फिरवला. पुन्हा.

माईकसमोर नूपुर उभी होती. गेम होता चाच्यांशी लढणाऱ्या चंद्रीचा. चंद्री कोळ्याची पोर, आणि तिचा आवाज नूपुरचा. धावणं, धापा टाकणं, आरोळ्या, शिव्या, सगळं रेकॉर्ड झालं होतं. राहिलं होतं मरण. चंद्री होडीतून पाण्यात कोसळते आणि तिच्या तोंडून एक लांब श्वास सुटतो. शब्द नाही. तेवढंच.

तेवढं आज जमलं नाही, तर कंपनी सगळंच पुसून दुसऱ्या मुलीला बोलावणार होती. जमलं की नाही, हे कुमुदताई ठरवणार होत्या.

कुमुदताईंनी जन्मभर हेच केलं. आधी बोलक्या बाहुल्या, मग कार्टूनमधली माकडं, मग गेम. त्यांना चेहऱ्याने कोणी ओळखत नाही. शेअर रिक्षात त्या उतरायचं ठिकाण सांगतात, तेव्हा शेजारची कॉलेजची पोरं मात्र दचकून बघतात. असल्या आवाजांना कुठल्या समारंभात शाल-श्रीफळ मिळत नाही. ते असो.

नूपुर पुन्हा मेली. जीव ओतून मेली. रेकॉर्डिंग करणाऱ्या बशीरभाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

“सुंदर,” कुमुदताई म्हणाल्या. “पुन्हा.”

“सुंदर आहे तर पुन्हा कशाला?”

“तू खरंच मरतेस, बाई.”

“मरायचंच आहे ना?”

“हो.”

“मग?”

बशीरभाई पुटपुटले की ताई स्वतः मरायच्या तेव्हा मध्ये चहासुद्धा सांगता यायचा नाही, इतक्या भराभर मरायच्या.

मग नूपुरने बरंच सुनावलं. एकांकिका स्पर्धेत तिच्या मरणावर अख्खं सभागृह रडलं होतं. परीक्षकांना बोलता येईना. आणि इथे? खेळणारा बटण दाबतो, की चंद्री टुणकन होडीत उभी. असल्या मरणात खरं काय आहे, आणि त्यासाठी माणसाने घसा का फोडून घ्यायचा?

“सभागृह रडलं,” कुमुदताई म्हणाल्या. “पुढे?”

“पुढे काय? पडदा पडला.”

“आणि लोक?”

“घरी गेले.”

“हं...”

त्या ‘हं’ने नूपुरचा उरलासुरला धीर संपला. तिने हेडफोन काढला, काचेच्या खोलीतून बाहेर येऊन तो खुंटीला अडकवला, खुर्चीवरची पर्स उचलली. बोलवा म्हणाली तुमच्या दुसऱ्या मुलीला. आणि दाराशी जाऊन म्हणाली,

“जाते मी.”

कुमुदताई बशीत चहा ओतत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय म्हणालीस?”

“जाते म्हटलं.”

“घरातून निघताना आईला असंच सांगतेस?”

नूपुरचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

“...नाही.”

“मग काय सांगतेस?”

राग अजून होताच. पण हे रागात म्हणता येत नाही, हे तिला तोंड उघडल्यावर कळलं. तिचा आवाज खाली आला. लहानपणीचा झाला.

“येते.”



कुमुदताईंनी बशी खाली ठेवली. उठल्या. खुंटीवरचा हेडफोन काढून त्यांनी नूपुरच्या हातात दिला.

“हेच म्हण,” त्या म्हणाल्या. “फक्त शब्द नको.”