मधमाश्यांनो, या!

एका गावात एक रानी व्हती. राजाची न्हाई, पुठ्ठ्याची. म्हंजे मुकुट पुठ्ठ्याचा, आतली बाई खरी. तिचं नाव शालनताई. गावातल्या पोरींचं मंडळ चालवायची, आन् पोरींचं शिबिर भरवायचं म्हनून आख्ख्या गावाशी भांडून बसली व्हती.

गाव म्हनायचं, पोरींनी घराभायेर रातीला कशाला ऱ्हायचं? शेवटी आयाबापांनी एकदाच सोडलं, पन दम देऊन. "एकीला जरी काय चावलं, तर पुन्हा पोर दिसनार न्हाई तुला."

"मुंगी चावली तरी मला विचारा," शालनताई म्हनली.

शनवार-रविवारचं शिबिर ठरलं. जागा शाळेमागली आमराई. शालनताई पोरींना म्हनली, "दोन दिवस आपण मधमाश्या. मी राणी, तुम्ही कामकरी."

मग काय! वढन्या हळदीत बुडवल्या, वर कोळशाचे पट्टे वढले. एक पोर शिंकली की बाजूच्या पिवळ्या व्हायच्या. कुनी पानी आनायची, कुनी भाकऱ्या थापायची. बोलायचं कमी, गुनगुनायचं जास्त, असा रानीचा हुकूम.

पोळं पायजे म्हनून पोरींनी कोंबड्या झाकायचं जुनं डालगं आनलं. शेनामातीनं लिंपलं, बारीक भोक ठिवलं आन् आंब्याच्या फांदीला टांगलं. पन कोंबडीचा वास काय जाईना. तवा पोरींनी गवती चहा खुडला आन् डालगं आतनं भायेरनं असं चोळलं, असं चोळलं, की मलाच त्यात पत्ती-साखर टाकावी वाटली. खाली पाटी लावली, 'मधमाश्यांनो, या!' पाटी आपली पोरींसाठी.

सगळ्यात बारकी पोर बायजी. तिला पानी आनाय सांगितलं तर घागर सांडली. भाकरी दिली तर जाळली. शालनताईनं तिला दारावरची माशी केलं. "पाटीजवळ उभं राहायचं. येईल त्याला 'या' म्हणायचं. मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही."

बाकीच्या पोरी खिदळल्या. "नुसतं हुबं ऱ्हायाचं? आमचा उंबराबी तेवढंच करतो की गं!"

बायजी पाटीजवळ गेली. हुबी ऱ्हायली.

रविवारी सकाळी समारोप. तालुक्याच्या मोठ्या बाई येनार व्हत्या. त्यांना आवडलं तर शिबिर दर साली, न्हाई तर हेच पयलं आन् हेच शेवटलं. आयाबापबी येनार व्हते, बगायला कमी आन् खोड काढायला जास्त.

रविवार उजाडला, सगळ्या वाट बगत व्हत्या, तेवढ्यात गुनगुन सुरू झाली.

"पुरे गं आता," शालनताई म्हनली.

"ताई, आमी न्हाई," पोरी म्हनल्या.

गुनगुन वाढली. आंब्याची पानं थरथराय लागली. शालनताईनं वर बगितलं, तर आमराईवर तपकिरी ढग उतरत व्हता. ढगाला पंख व्हते. ऊन त्यातनं चाळून पडत व्हतं, जमीन सोन्यावानी लुकलुकत व्हती. माश्या! खऱ्या!

पोरी शाळेच्या व्हरांड्यात पळाल्या. सैपाकाच्या भागामावशीनं चुलीतली चूड उचलली. "ताई, पाचोळा पेटवते. धुरानं जातील."

"पेटवा! लवकर!" शालनताई वरडली. आन् मग तिला डालग्याखाली बायजी दिसली.

"बायजी, इकडं ये! मी सांगते, ये!"

पोर हालली न्हाई. तिच्या हाताला कालचा गवती चहाचा वास व्हता, आन् त्या वासाला माश्या भुलतात. बाहीवर माश्या बसल्या, बोटांवर चालाय लागल्या. ती हळूच म्हनली, "ताई, धूर नका करू. चिडतील त्या. पाटी आपनच लावली न्हवं? त्या घर बगून आल्यात."

माशीला वाचता येतं का, ते मला इचारू नका. मलाच कुठं धड येतंय.

रस्त्यावर जीप वाजली. आयाबाप फाटकात आले. मावशीची चूड पेटलेली. शालनताईनं एकदा फाटकाकडं बगितलं, एकदा पोरीकडं. शिबिर वाचवायचं तर दाखवायला कायतरी पायजे, आन् इथं तर सगळं माश्यांनी घेतलेलं.

तिनं मावशीच्या हातातली चूड घेतली आन् पान्याच्या बादलीत बुडवली. मुकुट काढून गवतात ठिवला. पाय न वाजवता चालत गेली, बायजीशेजारी हुबी ऱ्हायली आन् तोंडातल्या तोंडात म्हनली, "या."

व्हरांड्यातनं एक पोर कुजबुजली, "या." मग दुसरी. मग सगळ्या.

आन् काय सांगू! सुपातली जवारी कनगीत वतावी, तशा माश्या त्या भोकातनं आत जाय लागल्या. धक्का न्हाई, बुक्का न्हाई. बायजीच्या बाहीवरच्याबी उतरल्या आन् रांगेला लागल्या. "गुदगुल्या व्हतात," येवढंच ती म्हनली.

मोठ्या बाई आल्या. ह्या बाईंचं भाषन सुरू झालं की चहा गार व्हतो, अशी त्यांची ख्याती. त्यांनी तोंड उघडलं. बगितलं. मिटलं. पदर सावरून तिथंच धुळीत बसल्या. ज्या बापानं सगळ्यात मोठा दम दिला व्हता, त्यानं फाटकातच पायातल्या चपला काढल्या. त्याला कुनी सांगितलं न्हवतं.

ढग सगळा डालग्यात मावला. आतनं नुसता एक सूर येत ऱ्हायला. कुनालाच काय चावलं न्हाई.

कितीतरी येळानं मोठ्या बाई हळू आवाजात म्हनाल्या, "शालनताई, पुढच्या वर्षी शिबिर कुठं?"

"दुसऱ्या झाडाखाली," शालनताई म्हनली. "इथं आता माणसं राहायला आलीत."

मागनं बायजीची आई फुसफुसली, "समदं खरं, पन डालगं आमचं हाय. माझ्या कोंबड्या मी कशात झाकू?"

बायजी वळली, ओठावर बोट ठिवलं आन् आईला म्हनली, "श्शू! या. बसा."

तात्पर्य: ज्याचं सोंग घेतलं, ते खरंच दारात आलं तर हाकलू नका. जरा सरकून बसा आन् "या" म्हना.