दाभणाचं टोक

बोरवंड हे आठवडी बाजाराचं गाव. तिथं रेवणशेठ नावाचा पेंडीचा व्यापारी राहत होता. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, चुणी, भुसा, गुराच्या तोंडाला जे जे लागतं ते सगळं त्याच्या दुकानात मिळे. शाळा त्यानं दुसरीतच सोडली होती. पुढचं तो पुड्यांच्या कागदांवरून वाचून शिकला आणि त्याहून जास्त गिऱ्हाइकांशी गप्पा मारून. त्याच्याकडं आलेला माणूस पोतंभर पेंड घेऊन जाई आणि वर एखादी गोष्ट फुकट ऐकून जाई.

एकदा एक धनगराची पोर शेळ्या हाकत दुकानावरून चालली होती. बारा वर्षांची असेल. ती मध्येच थांबली आणि शेठच्या गाडीच्या बैलाकडं बघत राहिली.

"शेठ, तुमचा उजवा बैल मागचा पाय हळूच टेकतोय."

शेठ हसला. बैल तर ओझं ओढून नुकताच आला होता. पण गाडीवानानं खूर उचलून बघितला, तेव्हा आत बोटभर बाभळीचा काटा निघाला. दुसऱ्या दिवशी शेठ त्या पोरीच्या बापाच्या दारात हजर. पोरीचं नाव मायाक्का.

शेठ म्हणाला, "हिला शाळेतून काढू नका. हिला जनावरांची डॉक्टरीण करायची."

"डॉक्टरीण?" बाप म्हणाला. "आमच्यात अजून कुणी मास्तरीणसुदिक झाली न्हाई."

"मग एक पायरी गाळू," शेठ म्हणाला.

शेठनं हे नुसतं बोलून सोडलं नाही. दुकानामागचं मोठं गोदाम त्यानं झाडून रिकामं केलं. काझी डॉक्टर नावाचे जनावरांचे एक जुने डॉक्टर नोकरी संपवून गावात राहायला आले होते. शेठनं त्यांना आर्जवं करून बोलावलं, आणि गोदामात वर्ग सुरू झाला. ज्या मुलांना पुढं जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जायचं असेल, त्यांनी इथं येऊन हाताला आणि डोळ्याला वळण लावायचं. दर वर्षी त्यांतल्या एकाला शेठ स्वतःची चिठ्ठी देऊन शहरात पाठवणार, राहण्या-खाण्याची सोय शेठकडं.

काझी डॉक्टरांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पहिले तीन महिने औषधाच्या बाटलीला हात लावायचा नाही. गायीसमोर बसायचं आणि ती रवंथ करते ते बघायचं. मुलं कंटाळत. डॉक्टर म्हणत, "बघा नीट. चावणं थांबलं की समजा, गाय तुम्हाला काही सांगतेय." गुरं घेऊन येणाऱ्यांनाही त्यांनी एक नियम घालून दिला होता. जनावराबरोबर त्याचं खाणंही घेऊन यायचं.

शेठही अधूनमधून वर्गात येऊन टेकायचा. मुलांना चहा पाजायचा आणि गोष्टी सांगायचा. त्याची एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ झाली होती.

"माझ्या दुकानात बारा वर्षं झाली, एक दाभण हरवला नाही. का? कारण युक्ती. पोतं शिवून झालं की दाभण खाली ठेवायचाच नाही. शेजारच्या पोत्याच्या तोंडात खोचून ठेवायचा. पुढचं पोतं शिवायला घेतलं की हाताशी हजर! ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. डोक्यातून काढली."

दुकानाचा जुना हमाल इठू ही गोष्ट ऐकून मान डोलवायचा. शेठला फार बरं वाटायचं.

वर्षं गेली. मायाक्का मोठी झाली, बारावी झाली. शेठ तिला भर बाजारात "काय डॉक्टरीणबाई!" अशी हाक मारी आणि ती लाजून ओढणीचं टोक चावी. त्या वर्षी चिठ्ठीवर दोघांचा डोळा होता. एक मायाक्का, दुसरा शिंप्याचा दामू. दामूही हुशार. काझी डॉक्टर म्हणाले, "येत्या बाजारी जे जनावर दारात येईल ते दोघांनी तपासायचं. मग ठरवू."

मायाक्कासाठी ही साधी गोष्ट नव्हती. चिठ्ठी मिळाली नाही तर बाप तिचं लग्न ठरवणार होता. मुलगा बघूनही ठेवला होता.

बाजाराच्या दिवशी गोदाक्का गवळण आपली हरणी नावाची गाय घेऊन आली. मागून तिच्या भाच्यानं डोक्यावर पेंडीचं अर्धं पोतं आणलं. नियम म्हणजे नियम. बाजारातली रिकामी माणसंही कोंडाळं करून उभी राहिली. गावाला फुकटची करमणूक हवीच असते.

"चार दिस झालं," गोदाक्का म्हणाली. "खाईना, रवंथ करीना. दूध तर आटलंच. माझी एकुलती एक गाय हाय, डॉक्टरसाहेब. हिच्यावर माझं घर हाय."

दामूनं गायीच्या पोटावर कान लावला, शेण बघितलं आणि म्हणाला, "अपचन. गूळ-ओवा पाजू, दोन दिवसांत बरी होईल."

मायाक्का गायीपासून लांब उभी राहून बघत होती. हरणी पाठ कमानीसारखी उचलून उभी होती आणि पुढचे दोन्ही कोपर अंगापासून दूर धरून होती. मायाक्कानं दावं धरलं आणि तिला गोदामाच्या उतारावरून वर नेलं. गाय वर चढली. मग खाली आणायला लागली तर हरणी एक पाऊल टाकीना. मायाक्कानं तिच्या खांद्यांच्या मधोमध पाठीची कातडी चिमटीत धरून दाबली. गाय कण्हली.

"डॉक्टरसाहेब, हिच्या पोटात काहीतरी टोचतंय. लोखंड असावं. छातीकडं सरकायच्या आत काढायला पाहिजे."

काझी डॉक्टरांनी स्वतः तपासलं. मग मान डोलवली. "बरोबर. पोट उघडावं लागेल. पाणी उकळायला ठेवा."

शेठचा ऊर भरून आला. बघा, आपली पोर! तो गर्दीकडं वळून म्हणाला, "बघितलंत? माझ्या गोदामात शिकलीय." मग कौतुकानंच त्यानं विचारलं, "आणि डॉक्टरीणबाई, लोखंड आलं कुठनं हो?"

मायाक्का तोवर त्या अर्ध्या पोत्यापाशी जाऊन बसली होती. पोत्यावर शेठच्या दुकानाचा नंदीचा ठप्पा. गोदाक्कानं एकच कोपरा उसवून पेंड काढली होती. बाकीची शिवण जशीच्या तशी होती. मायाक्कानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं दामूकडं बघितलं. दामू शिंप्याचा पोरगा, शिवण त्यानंही पाहिली होती. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"शेठजी," मायाक्का म्हणाली, "जरा आत येता? तिथं सांगते."

"आत कशाला? माझ्या दुकानात लपवाछपवी नाही. इथंच सांग, चारचौघांत."

मायाक्का उठून उभी राहिली.

"ही शिवण बघा. निम्म्यापर्यंत बारीक टाके आहेत, बारीक दाभणाचे. मग मध्येच गाठ आहे. पुढचे टाके जाड दाभणाचे. एकाच पोत्याला कुणी दोन दाभण वापरत नाही शेठजी. पहिला मोडला म्हणूनच दुसरा घेतला. पहिल्याचं टोक आत पेंडीत पडलं असणार. पेंड भिजत घातली, तेव्हा ते दिसलं नाही आणि हरणीच्या पोटात गेलं."

मागून कुणीतरी खुसखुसलं, "बारा वर्षं एक दाभण हरवला नाही म्हणं!"

रेवणशेठच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याच्या मनात एकदम सगळं उभं राहिलं. तिच्या बापाच्या दारातली ती सकाळ, झाडलेलं गोदाम, पाजलेला चहा. आणि आता या पोरीनं, त्यानंच उभ्या केलेल्या पोरीनं, गिऱ्हाइकांसमोर त्याची पेंड जनावरं मारते असं सांगावं! तो तिच्याजवळ गेला. आवाज खाली आणून म्हणाला,

"पोरी, लोखंड रस्त्यावरनंही खाल्लं असेल. गाय कुठंही तोंड घालते. नक्की सांगता येत नाही, एवढंच म्हण. चिठ्ठी आज संध्याकाळी लिहितो."

मायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हळूच बोलली नाही. बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शेठजी, गाय बोलत नाही. तिच्या वतीनं मी बोलले नाही, तर तुम्ही मला इतकी वर्षं शिकवलं कशाला? आणि त्या पोत्यासारखी आणखी पोती आजवर किती घरी गेलीत, ते तुम्हालाच ठाऊक."

शेठ दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

काझी डॉक्टरांनी गायीच्या डाव्या कुशीवरचे केस काढले, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि पोट उघडलं. मायाक्का गरम पाण्यातली हत्यारं एकेक पुढं करत होती. दामू गायीचं तोंड धरून तिच्याशी बोलत होता. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला. बराच वेळ गेला. मग हात बाहेर आला. डॉक्टर थेट पायरीपाशी आले आणि शेठच्या समोर त्यांनी मूठ उघडली.

दाभणाचं टोक. दोन बोटं लांब, काळं पडलेलं.

तेवढ्यात गर्दीतून इठू हमाल पुढं आला. कमरेच्या चंचीतून त्यानं काहीतरी काढलं आणि टोकाशेजारी ठेवलं. नेढ्याकडचा अर्धा तुकडा. दोन्ही तुकडे जुळले.

"इठू!" शेठ ओरडला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

इठूनं मान खाली घातली. "कसं सांगू शेठ? हे पोतं निम्मं शिवलं, मधीच शेजारचं शिवलं अन् दाभण ह्याच्या तोंडात खोचला व्हता. ओढताना मोडला. पेंडीत लई हुडकलं, गावलं न्हाई. पर तुम्ही समद्यांला सांगत व्हता, बारा वरसं एक बी हरवला न्हाई. तुमची बारा वरसं मोडायला माझा जीव धजंना. नवा दाभण पदरचा आणून ठिवला."

शेठ त्या दोन तुकड्यांकडं बघत राहिला. इठू त्याच्या ताटात जेवलेला माणूस. त्याला खरं सांगता आलं नाही. शिंप्याच्या पोराला दिसलं, त्यालाही सांगता आलं नाही. त्याच्या गोष्टीवर आजवर सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या. एकीनंच मान डोलवली नाही, आणि जिला सगळ्यात जास्त गमवायचं होतं ती तीच होती.

काझी डॉक्टर त्याच्या शेजारी टेकले. हात पुसत म्हणाले, "शेठ, जनावर कुठं दुखतंय ते ओळखायला मी शिकवलं. ते ओळखल्यावर तोंडावर सांगायचं, हे मला शिकवता येत नाही. ते आज तिनं आपलं आपण केलं."

रेवणशेठ उठला. वजनकाट्यावर चढून उभा राहिला. त्याला बाजारात बोलायची सवय होती, पण असं बोलणं पहिल्यांदाच होतं.

"ऐका हो! गेल्या बाजारापासून ज्यानं ज्यानं माझी पेंड नेली, त्यानं ती जनावरासमोर टाकू नका. पोतं परत आणा. मी माझ्या हातानं चाळून देईन. चूक माझ्या दुकानाची आहे. आणि माझी स्वतःची. दाभण पोत्यात खोचायची युक्ती माझीच."

मग तो खाली उतरला आणि गोदाक्कापुढं हात जोडले. "अक्का, हरणी दूध द्यायला लागेपर्यंत तुझ्या घरचं दूध माझ्या घरनं येईल." गोदाक्का पदरानं डोळे टिपत म्हणाली, "आधी माझी हरणी खाऊ दे, मग बघू."

पाचव्या दिवशी हरणीनं हिरवा घास तोंडात घेतला आणि बसून रवंथ सुरू केला. मायाक्का समोर बसून बघत होती. शेठही येऊन तिच्या शेजारी बसला.

"चावतीय की," शेठ म्हणाला.

"चावतीय," मायाक्का म्हणाली.

शेठनं खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. दुकानदारी अक्षरात दोनच ओळी होत्या. "या मुलीनं माझ्या अंगणात शिकून माझ्या तोंडावर माझी चूक सांगितली, आणि ती खरी निघाली. हिची याहून मोठी परीक्षा मला घेता आली नाही, तुम्हाला आली तर घ्या."

मायाक्कानं ती परीक्षा दिली आणि पुढच्याही दिल्या. दामूला पुढच्या वर्षीची चिठ्ठी मिळाली. देताना शेठ एवढंच म्हणाला, "शिवण दिसली की बोलायचं, काय?" दामू म्हणाला, "बोलेन शेठजी. तुमचीच असली तरी."

पुढं कित्येक वर्षांनी मायाक्का डॉक्टर होऊन बोरवंडला परतली आणि त्याच गोदामात शिकवायला लागली. शेठ म्हातारा झाला होता, तरी चहा घेऊन येई आणि गोष्ट सांगे. गोष्ट मात्र बदलली होती. दुकानात आता दाभण भिंतीवरच्या खुंटीला दोरीनं बांधलेले असत. त्यांच्या वर, एका फळीवर, मोडक्या दाभणाचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. नवी मुलं विचारत, "हे काय शेठजी?"

"हा आमचा हरवलेला दाभण," रेवणशेठ म्हणे. "तुमच्या मॅडमनं शोधून दिला. मी मात्र फार रागावलो होतो हो तिच्यावर! विचारा तिला."

आणि डॉक्टरीणबाई अजूनही ओढणीचं टोक चावत.

तात्पर्य: मुक्या जिवाचा डॉक्टर घडवायचा असेल, तर त्याला आपल्या तोंडावर खरं बोलू द्यावं, आणि ते खरं आपल्याच चुकीबद्दलचं निघालं, तर त्याचा हात सोडू नये.