काजळीचा रंग

हेमांगी गांगुर्डे यांनी मुलांच्या कार्टून मालिकेसाठी काजळी नावाची धीट कावळी रंगवली. वाहिनीचे प्रमुख दिघावकरसाहेब पहिला भाग पाहून म्हणाले, "नायिका आणि इतकी काळी? मुलं चॅनेल बदलतील. हिला पांढरी करा, नाहीतर मालिका आम्हाला नको."

हेमांगीताईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, लहानपणी तुम्ही जेवत नसलात की आई कोणाच्या नावानं घास भरवायची?"

"काऊच्या, चिऊच्या," साहेब हसले.

"मग काऊचा रंग विचारून तोंड उघडायचात का?"

साहेबांनी मंजुरीची सही केली. त्या संध्याकाळी हेमांगीताईंनी स्टुडिओच्या भिंतीवर रंगवलेल्या काजळीच्या पंखांना, ताठ मानेनं, काळ्या रंगाचा आणखी एक हात दिला.