शेवटचा गडी

"मास्तर, हा कप मी ठेवून घेऊ की परत करू?"

इनायत मास्तरांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात पोत्यावर चिंचांचा ढीग पडला होता. एकेक चिंच फोडून ते चिंचोके बाजूला टाकत होते.

"जिंकलास?"

"जिंकलो."

"मग विचारतोस कशाला?"

दिगंबर हसबनीस ओसरीच्या कडेला बसले. बसले कसले, कोसळलेच. अंगात अजून शर्यतीचा शर्ट होता आणि कपाळावर घामाचं मीठ वाळलं होतं. साठी ओलांडलेला, बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस. बरोबरीचे लोक बागेत फिरायला जायचे आणि साखर किती वाढली ते एकमेकांना सांगायचे. हसबनीस मात्र माळावर वारा खात सायकल हाणायचे, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. आज तो ताठा कुठं सांडला होता कोण जाणे.

शर्यत तशी एवढीशीच. पन्नाशी उलटलेल्या हौशी माणसांची. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनीच ती सुरू केली होती. बक्षीस एक पितळी कप, आणि शेवटी सगळ्यांना गरम उप्पीट. या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मास्तर पहिल्यांदाच घरी राहिले होते.

"मगदूम कितवा आला?" मास्तरांनी विचारलं.

हसबनीस वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

जयपाल मगदूम म्हणजे गुळाचा व्यापारी. वर्षानुवर्षं पहिला तो आणि दुसरे हसबनीस, हे ठरल्यासारखंच होतं. मगदूम अख्खी शर्यत हसबनिसांच्या मागच्या चाकाला चिकटून यायचा, त्यांच्या आडोशानं वारा चुकवायचा, आणि शेवटची रेषा दिसली की बाजूनं निघून पुढं जायचा. नियमात बसत होतं ते. मनात बसत नव्हतं. हसबनिसांना कितीतरी रात्री ते चाक स्वप्नात दिसलं होतं.

"शेवटचा आला," हसबनीस म्हणाले. "हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं त्याचं. डॉक्टर म्हणाले, हळू चालवा. तरी आला बिचारा."

"मग तू गेलास ना आणायला?"

"गेलो की. रीतच आहे ती."

रीतही मास्तरांनीच घातलेली. कुठल्याशा वर्षी शेवटचा गडी धापा टाकत पोचला, तेव्हा मांडव सोडून झाला होता आणि माणसं घरी गेली होती. त्या दिवशी मास्तर कुणावर ओरडले नाहीत. पण पुढच्या वर्षापासून नियम झाला, जो पहिला येईल त्यानं उलट फिरायचं आणि शेवटच्याला बरोबर घेऊन यायचं. तोवर कप कुणाला नाही, उप्पीटही कुणाला नाही.

"माळाच्या वळणावर भेटला," हसबनीस सांगू लागले. "चेहरा पांढराफटक पडलेला. म्हटलं, चल मगदूम, सावकाश जाऊ. दोघं बाजूबाजूनं निघालो. तो गुळाचे भाव सांगत होता. बरं वाटत होतं, मास्तर. खरंच बरं वाटत होतं... मग रेषा दिसली."

मास्तरांचा हात थांबला.

"मी काही ठरवलं नव्हतं. पायांनीच केलं. तो जरा पुढं सरकला असेल नाहीतर मला तसं वाटलं असेल. इतकी वर्षं तिथंच तो मला मागं टाकत आला ना... मी उठून उभा राहिलो आणि जीव खाऊन हाणली."

"मग?"

"त्यानं पण हाणली. छातीवर टाके असलेल्या माणसानं, मास्तर! एका चाकानं मी पुढं निघालो. लोकांना वाटलं, गंमत चाललीय दोघांची. टाळ्या वाजवल्या. लगेच कपही हातात दिला."

"मगदूम काय बोलला?"

"काही नाही. पाणीसुद्धा प्याला नाही. सायकल टेम्पोत टाकली आणि घरी गेला. जाताना एवढंच म्हणाला, तुमचंच होतं, हसबनीस... अहोजाहो कधी केलं नव्हतं त्यानं मला."

इतक्या वर्षांची हाव भागली होती आणि त्यांना रडू येत होतं. त्यांनी कप मास्तरांपुढं सरकवला.

"हा तुम्ही ठेवा. मी सायकल सोडतो. दमलो मी. आजचाच दमलो असं नाही, फार दिवसांचा दमलोय."

मास्तरांनी कप जवळ ओढला. आत डोकावून पाहिलं. मग शांतपणे एक चिंच फोडली आणि चिंचोका त्यात टाकला. दुसरी फोडली आणि तोही टाकला. पितळेत टणटण आवाज होत राहिला. हसबनिसांना राग आला, पण रागावण्याइतकीही ताकद अंगात नव्हती.

"दिगंबर, तुझी पहिली शर्यत आठवते?"

"आठवते की. शेवटचा आलो होतो."

"आणायला कोण आलं होतं?"



मगदूम आला होता. चेन पडलेली सायकल ढकलत ते चालले होते. त्यानं काळ्या हातांनी चेन चढवून दिली, आणि सगळ्या वाटेनं नव्या गुऱ्हाळाच्या गप्पा मारल्या. रेषेपाशी आल्यावर त्यानं हळूच ब्रेक दाबला होता. हसबनिसांचं चाक आधी आत गेलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, याच्या ब्रेकमध्येच काहीतरी बिघाड असणार.



"आता काय करू, मास्तर?"

"काय करू म्हणजे? शर्यत चालू हाय की अजून. शेवटचा गडी आलेला न्हाई."

"आला की! माझ्यामागोमाग रेषा ओलांडली त्यानं. सगळ्यांनी पाहिलं."

"कुणाबरोबर ओलांडली?"



"रेषेवर शर्यतीची माणसं असतील तरी का आता," हसबनीस पुटपुटले. "मांडव सुटला असेल."

"सुटू दे."

"आणि मगदूम यायला तयार झाला तर पाहिजे ना."

मास्तरांनी पुढची चिंच उचलली. दाराशी टेकवलेल्या सायकलकडं नुसती हनुवटी केली.

"आत्ता?" हसबनीस म्हणाले. उठायला गेले आणि मांड्या धरून परत बसले. "पायात काही उरलेलं नाही, मास्तर. रेषा दिसली तरी आता हाणता यायचं नाही मला."

मास्तरांनी चिंचोका कपात टाकला.

"म्हणूनच आत्ता जा."